हवेतला आवाज डोळ्यांना दिसतो का, की आपण भलतंच काही बघत असतो?

कोरा_कागद (धागाकर्ता)

राम राम मंडळी,

पत्र्यावर मीठ पसरायचं, खाली स्पीकर लावायचा आणि मिठाची नक्षी उमटताना बघायची, असले व्हिडिओ हल्ली सारखे कोणी ना कोणी पाठवतं. खाली ठरलेली ओळ असते : 'पाहा, आवाज असा दिसतो!' नक्षी मला आवडते, ते वाक्य पटत नाही. नाचतंय ते मीठ, आणि हलतोय तो पत्रा. आवाज माझ्यापर्यंत येतो तो पत्रा आणि माझा कान यांच्या मधल्या हवेतून. तिथं काय चाललंय ते त्या व्हिडिओत कुठं दिसतं?

तर प्रश्न दोन. पहिला : बोलणाऱ्याच्या तोंडापासून ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत नेमकं जातं काय? हवा जाते का? दुसरा : पत्रा, वाळू, ज्योत, पडद्यावरचा आलेख असा एकही मध्यस्थ न घेता हवेतली ती लाट बघता येते का? शाळेत फळ्यावर नागमोडी रेघ काढून 'ही ध्वनिलहर' म्हणून सांगितलं होतं. त्या रेघेवर माझा फारसा विश्वास उरलेला नाही.

जाणकारांनी लिहावं. अजाणकारांनीही लिहावं, धागा चालला पाहिजे.

खट्याळ_कार्टं

मी पयला!
आवाज दिसत नाही, पण घरात कोणाचा चढलाय ते बाकीच्यांच्या चेहऱ्यांवर लख्ख दिसतं.

नादखुळा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. हवा जात नाही, दाबातला बदल जातो. हवेचा एक थर पुढच्या थराला दाबतो, तो त्याच्या पुढच्याला, आणि प्रत्येक थर जागच्या जागी मागेपुढे होऊन परत येतो. दाट झालेला पट्टा, मग विरळ पट्टा, मग पुन्हा दाट. ही पट्ट्यांची मिरवणूक २० अंश सेल्सिअसच्या हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटरनं पळते, म्हणजे ताशी बाराशे किलोमीटरच्याही वर. हवाच त्या वेगानं निघाली असती, तर समोरच्यानं 'काय म्हणता?' विचारल्याबरोबर आपण मागच्या भिंतीला चिकटलो असतो.

हवा जागच्या जागी हलते ती तरी किती? साध्या बोलण्याचा आवाज कानाशी ६० डेसिबलच्या आसपास असतो. हजार हर्ट्झचा स्वर धरला, तर हवेचा थर मिलिमीटरच्या जेमतेम एक लाखांशाइतका सरकतो. जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजात तर ते सरकणं एका अणूच्या व्यासाहूनही कमी, साधारण दहावा हिस्सा. कानाला ते कळतं! बाकी काही नाही तरी कानाला एक दंडवत घालाच.

निवांत_वाचक

छान समजावलंत नादखुळा. थोडक्यात, लांबलचक रांगेत शेवटच्यानं पुढच्याला ढकललं की धक्का पार खिडकीपर्यंत पोचतो, पण शेवटचा माणूस शेवटीच राहतो. तसंच ना?

भिंगवाला

@निवांत_वाचक, बरंचसं तसंच, पण त्या रांगेतली माणसं धक्का मिळेपर्यंत शांत उभी असतात. हवेचे रेणू शांत नसतात. खोलीच्या तापमानाला ते सरासरी सेकंदाला साडेचारशे मीटरच्या वर वेगानं वाटेल त्या दिशेला धावत असतात आणि मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकंही अंतर कापायच्या आत दुसऱ्यावर आदळतात. धक्का पुढे जातो तो या टकरींतूनच. म्हणून आवाजाचा वेग रेणूंच्या वेगाच्या आसपासचा, त्याहून थोडा कमी असतो. आणि म्हणूनच तो तापमानावर ठरतो. हवा तापली की रेणू जास्त पळतात, आवाजही जास्त पळतो. शून्य अंशाला ३३१ मीटर, पुढे दर अंशाला साधारण ०.६ मीटरची भर. नुसता दाब वाढवून वेग बदलत नाही, कारण दाबाबरोबर घनताही तेवढीच वाढते.

यात भले भले अडखळलेत. न्यूटननं १६८७ साली हा वेग गणितानं काढला, तो खऱ्यापेक्षा सुमारे १५ टक्के कमी आला. त्यानं धरलं होतं की हवा दाबली गेली तरी तापमान तेच राहतं. प्रत्यक्षात लाट इतक्या लगबगीनं जाते की दाबलेल्या पट्ट्यातली उष्णता शेजारी पसरायला वेळच मिळत नाही. दाट पट्टा किंचित गरम, विरळ पट्टा किंचित थंड. फ्रेंच गणिती लाप्लासनं ही दुरुस्ती केल्यावर हिशोब जुळला.

चक्रमादित्य

हवा जात नाही म्हणता, मग मोठ्या बास स्पीकरच्या भोकासमोर धरलेली मेणबत्ती विझते कशी? मी स्वतः विझवली आहे. फुंकर लागते हाताला!

नादखुळा

@चक्रमादित्य, फुंकर खरीच आहे, पण ती आवाज नव्हे. खर्जातला जोरदार स्वर वाजवताना स्पीकरचा पडदा काही मिलिमीटर मागेपुढे होतो आणि भोकातून हवा आत-बाहेर पंप करतो. बाहेर येताना ती झोतासारखी सरळ सुटते, आत जाताना मात्र सगळीकडून ओढली जाते. त्यामुळे भोकाच्या तोंडाशी खरोखरचा वारा तयार होतो. मेणबत्ती तीन-चार मीटर मागे न्या. आवाज ऐकू येईल, ज्योत जागची हलणार नाही. 'आवाजानं मेणबत्ती विझवली' या व्हिडिओंपैकी बहुतेक या वाऱ्याचे असतात.

जुनी_तबकडी

मिठाच्या पत्र्याची बाजू कोणीतरी घ्यायला हवी, मी घेते.

जर्मनीच्या क्लाड्नीनं १७८७ साली या आकृत्यांवर पुस्तक छापलं. पितळी पत्र्यावर वाळू टाकायची, कडेवर व्हायोलिनचा गज ओढायचा. पत्र्याचे काही भाग थरथरतात आणि काही रेषा स्थिर राहतात. वाळू उडत उडत स्थिर रेषांवर, म्हणजे निस्पंद रेषांवर, जमा होते. त्याच्याही शंभर वर्षं आधी रॉबर्ट हुकनं काचेवर पीठ टाकून असलंच काही पाहिलं होतं. क्लाड्नीनं नेपोलियनला १८०९ मध्ये प्रयोग करून दाखवला. मग या आकृत्यांचं गणित मांडणाऱ्याला बक्षीस जाहीर झालं, आणि ते १८१६ साली सोफी जेरमेननं पटकावलं. त्या काळात एका बाईनं, तेही विद्यापीठाची दारं बंद असताना!

तेव्हा धागाकर्त्यांचं म्हणणं बरोबर असलं, ते पत्र्याचं कंपन आहे हे कबूल असलं, तरी त्याला हिणवू नका. लवचिक पत्र्यांचं सगळं गणित तिथून पुढे आलं.

अंतर्नाद

इथं सगळे भौतिकशास्त्रात अडकलेत. प्रत्येक अक्षराची स्वतःची एक आकृती असते. ते अक्षर शुद्ध उच्चारलं की पाण्यावर, वाळूवर तीच आकृती उमटते. हे प्राचीन ज्ञान आहे.

जुनी_तबकडी

@अंतर्नाद, साधी परीक्षा करा. एकच स्वर चौकोनी पत्र्यावर वाजवा, मग गोल पत्र्यावर, मग त्याच गोल पत्र्याला मधोमध न पकडता कडेला पकडून. तीन वेगळ्या आकृत्या येतील. पत्रा जाड केला तर चौथी. आकृती ठरते ती पत्र्याचा आकार, जाडी, धातू आणि पकड यांवर. स्वर फक्त सांगतो की पत्र्याच्या अंगात असलेल्या नक्षींपैकी आज कुठली बाहेर काढायची. मग अक्षराची 'स्वतःची' आकृती यातली कोणती?

आणखी एक. वाळूत अगदी बारीक भुकटी मिसळली तर ती वाळूच्या बरोबर उलट वागते. जिथं कंपन सगळ्यात जास्त तिथं तिचे ढीग होतात. फॅरेडेनं १८३१ साली कारण शोधून काढलं : थरथरणाऱ्या पत्र्यालगत हवेचे छोटे प्रवाह तयार होतात आणि ते हलकी भुकटी वाहून नेतात. म्हणजे अक्षर एक, पत्रा एक, आणि आकृत्या दोन, एकमेकींच्या उलट.

अंतर्नाद

ज्यांना अनुभव नाही त्यांना काय सांगणार. चालू द्या.

खट्याळ_कार्टं

*पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. बारीक भुकटीचे.*

कोरा_कागद

जुनी_तबकडीताई, हिणवत नाही हो. पण फॅरेडेच्या भुकटीनं माझीच बाजू बळकट केली. निदान तिथं हवा काहीतरी करतेय. हवेच्या लाटेच्या जवळ जाणारं आणखी काही आहे का?

नादखुळा

आहे. कुंटची नळी, १८६६. काचेची आडवी नळी, आत कॉर्कचा भुसा किंवा लायकोपोडियम या वनस्पतीच्या बीजाणूंची भुकटी. एका टोकाशी आवाज, दुसरं टोक बंद. आवाज परतून येतो, जाणाऱ्या-येणाऱ्या लाटा मिळून स्थिर तरंग तयार होतो आणि भुकटीच्या ठरावीक अंतरावर राशी होतात. दोन राशींमधलं अंतर म्हणजे अर्धी तरंगलांबी. हजार हर्ट्झच्या स्वराला हवेत सुमारे १७ सेंटिमीटर. इथं पत्रा नाही, नळीतली हवाच भुकटी हलवते. कुंटनं यावरून वेगवेगळ्या वायूंमधला आवाजाचा वेग काढला. पट्टी घेऊन वेग मोजायचा, घड्याळाची गरजच नाही.

दुसरी रूबेन्सची नळी, १९०५ ची. लांब नळीला रांगेत भोकं, आत जळणारा वायू, प्रत्येक भोकावर छोटी ज्योत. आवाज सुरू केला की ज्योतींची रांग लाटेसारखी उंच-सखल होते. (घरी करू नका. कृपया. गॅस आहे तो.)

यातली गंमत म्हणजे ज्योत उंच होते तिथं दाबाची उलथापालथ जास्त असेल असं कोणालाही वाटतं. साधारणपणे उलटं असतं. भोकातून बाहेर पडणारा वायू दाबफरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे दाब खूप वरखाली होतो तिथं सरासरी प्रवाह थोडा घटतो आणि ज्योत बुटकी राहते. उंच ज्योती असतात त्या दाब जवळपास स्थिर असलेल्या जागी. म्हणजे जे शिक्षक बोट दाखवून 'इथं दाब जास्त हलतोय' म्हणतात, त्यांचं बोट बहुधा नेमकं चुकीच्या ज्योतीकडे असतं.

निवांत_वाचक

वाचनखूण साठवली. नागमोडी रेघेचं काय झालं पण?

पाटीपेन्सिल

ती रेघ म्हणजे आवाजाचं चित्र नाही, हिशोबाची वही आहे. एका जागी बसून दाब क्षणोक्षणी किती वर-खाली झाला त्याची नोंद. मुलांना वाटतं हवाच सापासारखी वळवळत जाते. हवेतला आवाज अनुतरंग असतो, म्हणजे हवा ज्या दिशेनं हलते त्याच दिशेनं लाट जाते. मी वर्गात आधी ठिपके काढते, दाट-विरळ दाट-विरळ, आणि मग त्याखाली रेघ. उलट क्रमानं शिकवलं की साप डोक्यातून जात नाही.

बाकी त्या रेघेचा इतिहास फार मजेशीर आहे. स्कॉट द मार्तेंव्हिल नावाच्या फ्रेंच गृहस्थानं १८५७ साली एका यंत्राचं पेटंट घेतलं. कर्ण्याच्या टोकाला पातळ पडदा, पडद्याला केस, आणि काजळी धरलेल्या कागदावर तो केस रेघ ओढतो. एडिसनच्या फोनोग्राफच्या वीस वर्षं आधी! पण आवाज परत ऐकायची सोयच नव्हती. त्याला तो वाचायचा होता, बघायचा होता. १८६० सालच्या एका कागदावरची रेघ संशोधकांनी २००८ मध्ये संगणकावर वाचून वाजवली. आधी वाटलं कोणी मुलगी गातेय. मग लक्षात आलं की वेग दुप्पट धरला गेलाय. निम्म्यावर आणल्यावर पुरुषाचा आवाज निघाला, बहुधा खुद्द स्कॉटचाच.

खट्याळ_कार्टं

दीडशे वर्षांनी पहिल्यांदा गाणं लागलं आणि तेही डबल स्पीडला. व्हॉइस मेसेज ऐकण्याची ही पद्धत जुनीच म्हणायची.

भिंगवाला

आता मूळ प्रश्नावर येतो, कारण माझा छंदच हा आहे. मध्यस्थाशिवाय हवेतली लाट दिसते. पद्धतीचं नाव श्लीरेन. ऑगस्ट टोपलरनं ती १८६० च्या दशकात उभी केली आणि विजेच्या ठिणगीतून निघालेल्या आवाजाच्या लाटा हवेत पसरताना पाहिल्या.

तत्त्व असं. दाट हवा प्रकाशाला विरळ हवेपेक्षा किंचित जास्त वळवते. हवेचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचं माप) सुमारे १.०००३, म्हणजे सगळा खेळ त्या शेवटच्या आकड्यात आणि त्याच्याही पुढच्या दशांशांत. दुर्बिणीचा अंतर्गोल आरसा घ्यायचा. माझा १५ सेंटिमीटर व्यासाचा, १२० सेंटिमीटर नाभीय अंतराचा आहे. त्याच्या दुप्पट अंतरावर, २४० सेंटिमीटरवर, बारीक छिद्रामागे एलईडी ठेवायचा. आरसा त्या छिद्राची प्रतिमा तिथंच शेजारी पाडतो. प्रतिमेवर ब्लेडची धार अशी सरकवायची की निम्मा प्रकाश अडेल, आणि धारेमागे कॅमेरा. आता आरशासमोरच्या हवेत कुठंही घनता बदलत असली की तिथला किरण केसभर वळतो. ब्लेडच्या बाजूला वळला तर तो भाग काळा, दुसऱ्या बाजूला वळला तर उजळ.

मेणबत्तीवरची गरम हवा यात धुरासारखी स्पष्ट दिसते. नुसता हात धरला तरी बोटांतून वर जाणारी ऊब दिसते. टाळी वाजवली तर? काही नाही. ओरडलं तर? काही नाही.

कारण हिशोबात आहे. मेणबत्तीच्या वरची हवा आजूबाजूपेक्षा फक्त १० अंशांनी गरम धरली तरी घनतेत ३ टक्क्यांचा फरक पडतो. बोलण्याच्या आवाजात दाबाचा फरक ०.०२ पास्कल, आणि वातावरणाचा दाब एक लाख पास्कल. घनतेतला बदल निघतो सत्तर लाखांत एक. मेणबत्तीच्या तुलनेत सुमारे दोन लाख पटींनी फिका! शिवाय १५ सेंटिमीटरचा आरसा लाट अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत ओलांडते, आणि साध्या कॅमेऱ्याची एक चौकट ३३ मिलिसेकंदांची. लाट येऊन गेलेली कळतही नाही.

म्हणून दोन अटी : आवाज प्रचंड हवा आणि प्रकाश क्षणभराचा हवा. ठिणगी, बंदुकीची गोळी, फुगा फुटणं. माख आणि साल्शर यांनी आवाजापेक्षा वेगवान गोळीच्या पुढची आघातलहर (हवा एकाएकी दाट होते तो पातळ पट्टा) फोटोत पकडून १८८७ साली प्रसिद्ध केली, ती अशीच. विमानांच्या वेगाला 'मॅक' म्हणतात तो हाच माख.

चक्रमादित्य

हे भारी आहे. पण मग साधा, सलग वाजणारा स्वर कधीच दिसणार नाही?

भिंगवाला

दिसतो, ऐकू न येणारा. ४० हजार हर्ट्झचे छोटे स्पीकर समोरासमोर लावून थर्माकोलचे मणी हवेत तरंगवतात ना, त्या जागी आवाज दीडशे डेसिबलच्या वर असतो. १५४ डेसिबलला दाबाचा फरक एक किलोपास्कल, म्हणजे वातावरणाच्या एक टक्का. तो आरशासमोर धरला की काळे-उजळ पट्टे दिसतात. एलईडी त्याच वारंवारतेनं उघडझाप केला तर लाट थिजल्यासारखी वाटते. तरंगलांबी साडेआठ मिलिमीटर, मणी अर्ध्या तरंगलांबीच्या अंतरानं अडकलेले, सगळं एकाच चित्रात.

द्रवांत हे आणखी सोपं जातं. पारदर्शक द्रवातून अल्ट्रासाउंड सोडला की दाट-विरळ पट्टे प्रकाशासाठी जाळीसारखे वागतात आणि एका किरणाचे अनेक होतात. त्याचा सिद्धांत सी. व्ही. रामन आणि नागेंद्रनाथ यांनी १९३५-३६ मध्ये मांडला. आजही तो रामन-नाथ याच नावानं शिकवतात.

वाटसरू

लढाऊ विमानाभोवती पांढरा शंकू दिसतो, तो फोटो सगळ्यांनी पाहिलाय. तिथं तर उघड्या डोळ्यांना आवाजाची भिंत फुटताना दिसते!

नादखुळा

@वाटसरू, तो ढग आहे. विमानाभोवती काही ठिकाणी दाब झपकन उतरतो, हवा थंड होते, दमट असली तर बाष्पाचे थेंब होतात. आवाजाच्या वेगाच्या अलीकडेही तो शंकू दिसतो. खरी आघातलहर बघायची तर नासानं २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेली चित्रं शोधा. दोन टी-३८ विमानं आवाजापेक्षा वेगानं उडतायत आणि त्यांच्या लहरी एकमेकींत मिसळतायत. तिथं आरसा नाही. वरून उडणाऱ्या तिसऱ्या विमानातून खालच्या वाळवंटाचे फोटो काढले आणि लहरींमुळे जमिनीवरच्या खुणा किती सरकलेल्या दिसतात ते संगणकानं मोजलं.

पाटीपेन्सिल

आणि सगळ्यात मोठी दिसलेली लाट म्हणजे १५ जानेवारी २०२२, टोंगाजवळचा ज्वालामुखी. दाबाची लाट सेकंदाला ३१० मीटरच्या आसपास वेगानं निघाली, पृथ्वीला अनेक प्रदक्षिणा घालून गेली, जगभरच्या दाबमापकांवर उमटली. उपग्रहांच्या अवरक्त चित्रांतला फरक काढला तर महासागरावर पसरणारी वर्तुळं दिसतात. अख्ख्या पृथ्वीवर पसरलेलं वर्तुळ!

(अवांतर : मंगळावर नासाच्या पर्सिव्हिअरन्स या फिरत्या यानाच्या मायक्रोफोननं आवाजाचा वेग मोजलाय, सेकंदाला २४० मीटरच्या आसपास. तिथं तार स्वर खर्जापेक्षा सेकंदाला दहाएक मीटरनं पुढे पळतो. लांबून गाणं ऐकलं तर वरच्या पट्टीतले सूर आधी पोचायचे.)

खट्याळ_कार्टं

मंगळावर समूहगान नको म्हणजे.

निवांत_वाचक

निर्वात भांड्यातली घंटा राहिली की. हवा काढली की आवाज बंद, हे तर सगळ्यांनी शिकलंय.

नादखुळा

बॉइलचा १६६० चा प्रयोग. निष्कर्ष बरोबर, पण शाळेतल्या पंपानं आवाज मंदावतो त्याचं मुख्य कारण वेगळं. उरलेली हवा आवाज वाहून न्यायला पुरेशी असते. ती इतकी विरळ झालेली असते की घंटा तिला नीट धक्का देऊ शकत नाही आणि ती काचेला नीट धक्का देऊ शकत नाही. आवाज दोन्ही उंबरठ्यांवर अडतो.

कोरा_कागद

भिंगवाला, दंडवत. पण एक खुसपट काढतोच. श्लीरेनमध्येही मी प्रकाशाचं वळणं बघतोय, लाट नाही. ब्लेड आणि आरसा हे मध्यस्थच झाले की!

भिंगवाला

मग स्वच्छ काचेचा पेला तुम्ही कधी पाहिलेलाच नाही. तोही फक्त प्रकाश वळवतो. मिठाच्या पत्र्यात आणि यात फरक असा : पत्र्यात दिसतं ते आवाज जिथून निघतो त्या वस्तूचं कंपन. आरशासमोर दिसतो तो हवेतला तोच दाट पट्टा, जो पुढच्या क्षणी कानावर आदळणार आहे, त्याच जागी, त्याच वेळी. ब्लेड फक्त फरक ठळक करतं.

नादखुळा

मी अर्धा धागाकर्त्यांच्या बाजूनं. श्लीरेनमध्ये दिसतो तो घनतेचा चढ-उतार, घनता नव्हे. पट्टा जिथं सगळ्यात दाट असतो तिथं चढ शून्य, म्हणून तिथं चित्रात काहीच दिसत नाही. दिसतात त्या पट्ट्याच्या दोन कडा. शिवाय सगळी जाडी एकावर एक सपाट होऊन येते. तेव्हा 'दिसला' म्हणा, पण कडेकडेनं.

भिंगवाला

मान्य. कडेकडेनं.

चक्रमादित्य

आरसा, ब्लेड नसलेल्यांनी काय करायचं?

पाटीपेन्सिल

दोन फोन घ्या, दोन्हींवर फायफॉक्स हे फुकट ॲप, त्यातलं ध्वनी-स्टॉपवॉच. फोन ५ मीटर अंतरावर ठेवा. एकानं पहिल्या फोनजवळ टाळी वाजवायची, दोन्ही घड्याळं चालू होतात. दुसऱ्यानं दुसऱ्या फोनजवळ वाजवायची, दोन्ही थांबतात. दोन्ही वेळांतला फरक म्हणजे आवाजाला १० मीटर जायला लागलेला वेळ, साधारण २९ मिलिसेकंद. भागाकार करा, वेग हातात. खोली शांत ठेवा, नाहीतर खुर्ची सरकली तरी घड्याळ पळतं.

कोरा_कागद

हे आजच करतो. आणि भिंगवाला, फुगा फुटतानाची लाट साध्या कॅमेऱ्यानं धरायची तर फ्लॅश नेमक्या क्षणी कसा उडवायचा? वायर फुग्याला चिकटवायची का?

भिंगवाला

वायर नको, मायक्रोफोनच लावा. फ्लॅशचा ट्रिगर त्याला जोडायचा. मायक्रोफोन फुग्यापासून ३० सेंटिमीटरवर ठेवला तर लाट तिथं पोचायला पाऊण मिलिसेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. मायक्रोफोन जवळ-लांब करायचा, तेवढाच फ्लॅश आधी-नंतर उडतो. खोलीत अंधार, कॅमेऱ्याचं शटर उघडं. फ्लॅश मात्र अगदी कमी ताकदीवर ठेवा, पूर्ण ताकदीवर तो इतका वेळ पेटलेला राहतो की लाट पुसली जाते. आकृती काढून वेगळा धागा टाकतो.

खट्याळ_कार्टं

फुगे फोडायला मी येतो. अनुभव आहे.